दोन्ही पाइप सारखेच

आमच्या वडिलांकडे लोक गाडी दाखवायला आणत नसत, हात लावून घ्यायला आणत. श्रीगोंदा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या वाहन विभागात नानांची सगळी नोकरी झाली. आधी जीपवर ड्रायव्हर, मग वर्कशॉपला. निवृत्त होऊन सोळा-सतरा वर्षं झाली, तरी रविवारी सकाळी आमच्या वस्तीवर लिंबाखाली एखादा टेम्पो नाहीतर ट्रॅक्टर उभा असायचाच. गॅरेजला नेण्याआधी नानांचा हात लागला पाहिजे, अशी आसपासच्या चार गावांत रीतच पडली होती. नाना खाटेवरून उठायचे, इंजिन चालू ठेवायला सांगायचे, डावा हात रेडिएटरच्या वरच्या पाइपवर आणि उजवा खालच्या पाइपवर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. त्या वेळी कोणी बोलायचं नाही. लहानपणी तर आम्ही श्वाससुद्धा बेतानं घ्यायचो. मग डोळे उघडून एकच वाक्य यायचं. "पंप गेलाय." किंवा, "रेडिएटर चोक हाय." किंवा, "कायबी झालं न्हाई, पट्टा वढून घे आन् जा." पैसे घ्यायचे नाहीत. उलट आलेल्याला चहा आमच्याच घरचा.

या दोन पाइपांची भानगड आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे. इंजिनात तापलेलं पाणी वरच्या पाइपानं रेडिएटरमध्ये जातं, तिथे निवतं आणि खालच्या पाइपानं परत इंजिनात येतं. मध्ये एक झडप असते, पितळी, लिंबाएवढी. पाणी पुरेसं तापलं की ती आपोआप उघडते. कागदावर तिचं नाव थर्मोस्टॅट, मेस्त्री लोकांच्या तोंडी नुसती 'वॉल'. ती उघडलीच नाही तर गरम पाणी इंजिनातच कोंडून राहतं. वरचा पाइप भाजतो आणि खालचा गार राहतो. एवढंच. ज्याला दोन हात आहेत त्याला हे कळावं. मी तर नगरला एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. उष्णतेचा पाठ इतक्या वेळा घेतलाय की झोपेतून उठवलं तरी फळ्यावर आकृती काढीन. हे स्वतःच्या मोठेपणासाठी सांगत नाहीये. किती मूर्खपणा केला त्याचं माप कळावं म्हणून सांगतेय.

नानांचं एकेक करून सगळं रजेवर गेलं होतं. गुडघे गेले. वर्कशॉपच्या खडखडाटानं डावा कान गेला. मोतीबिंदूनंतर आम्ही भावंडांनी त्यांच्याकडून मोटारसायकलची किल्ली काढून घेतली, त्यावर ते महिनाभर कोणाशी धड बोलले नाहीत. शुगर वीस वर्षांची. पायाला मुंग्या येतात म्हणून रात्रंदिवस मोजे. राहिला होता तो हात. रविवारी कोणी गाडी घेऊन आलं की नानांच्या आवाजात जोर यायचा, जेवण दोन घास जास्त जायचं. आई म्हणायची, "गिऱ्हाईक आलं का यास्नी गोळीची आठवण करावी लागत न्हाई." म्हणजे माझी गाडी तापायला लागली तेव्हा पणाला गाडी लागलेली नव्हती, नानांचा हात लागला होता. तेव्हा मला यातलं काही सुचलं नाही. मी नुसती वैतागले होते.

गाडी सेकंडहँड, पेट्रोलची, छोटी. पाच वर्षांपूर्वी नानांनीच हात लावून पसंत केलेली. दर शनिवारी शाळा सकाळची असते. ती सुटली की मी नगरहून निघते आणि दुपारी वस्तीवर पोचते. यंदा होळी झाली आणि त्यानंतरच्या शनिवारी चिखलीच्या घाटात तापमानाचा काटा वर सरकला. बघता बघता लाल रेघेला टेकला. बॉनेटमधून वाफ आली तशी मी गाडी कडेला घेतली आणि उगाच मोबाईल कानाला लावून उभी राहिले, कारण बाई एकटी रस्त्यात नुसती उभी दिसली की चार जण सल्ला द्यायला थांबतात. तरी थांबलेच. रसवंतीवाल्यानं बोअरचं पाणी आणून दिलं. इंजिन निवल्यावर ते मी ओतलं आणि कशीबशी घरी आले.

नानांनी लगेच हात लावला. डोळे मिटले. मी आणि आई गप्प उभ्या.

"दोन्ही पाइप सारखेच हायेत," नाना म्हणाले. "पानी फिरतंय. वॉल चांगली हाय. रेडिएटर साफ करून घे."

मेस्त्रीला बोलावलं. हा मेस्त्री म्हणजे नानांच्याच हाताखाली कारखान्यात तयार झालेला गडी. आता पंचेचाळिशीचा, श्रीगोंद्यात स्वतःचं गॅरेज. नाना त्याच्या गुरूच्या जागी, त्यामुळे आमच्याकडे यायचं म्हटलं की तो गॅरेज बंद करून येतो. त्यानं चपला लांब काढल्या, नानांच्या पाया पडला, गाडीला हात लावला आणि म्हणाला, "नाना, म्या काय म्हनतो, वॉल काढूनच टाकू. आपल्या उन्हात तिचं काय काम हाय? समदेच काढत्यात."

नाना कडाडले. "समदे काढत्यात म्हून तू काढनार? इंजनाला ठरलेली गरमी लागती. वॉल काढली का गाडी पेट्रोल खाती, इंजन झिजतं. काय शिकवलं तुला? आन् वॉलला झालंय काय? दोन्ही पाइप सारखेच हायेत!"

मेस्त्रीनं पुन्हा एकदा वाकून खालच्या पाइपला हात लावला. नानांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "व्हय नाना," म्हणाला.

इथे गंमत अशी की नानांचं सगळं शास्त्र बरोबर होतं. कोणा आळशी माणसाची गाडी असती तर मेस्त्रीनं पहिल्याच दिवशी ती झडप उपटून फेकली असती आणि विषय संपला असता. आमच्या घरात नियमानं काम करायची खोड, ती आम्हाला नडली.

रेडिएटर साफ झाला. आतून पांढरा चुन्यासारखा थर निघाला. आमच्या भागातलं बोअरचं पाणी कसलं आहे ते आमच्या बादल्या बघूनही कळतं. सगळ्यांना समाधान वाटलं, आजार सापडला म्हणून. पुढच्या शनिवारी कोळगावच्या अलीकडे काटा परत वर. नानांनी हात लावला. दोन्ही पाइप सारखेच. मग पंख्याचा स्विच बदलला. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. दोन्ही पाइप सारखेच. मग वॉटर पंप बदलला. प्रत्येक वेळी मेस्त्री गाडी दुरुस्त करायचा, वस्तीभोवती एक चक्कर मारून आणायचा, तेवढ्यात काही व्हायचं नाही, आणि प्रत्येक वेळी नाना म्हणायचे, "आता बघ. आता न्हाई तापायची."

एव्हाना मी एक युक्ती शिकले होते. काटा चढायला लागला की गाडीतला हीटर पुरा सोडायचा, म्हणजे इंजिनातली थोडी उष्णता आत ओढली जाते. एप्रिल महिन्यात, नगर-दौंड रस्त्यावर, भर दुपारी, काचा खाली करून आणि हीटर फुल लावून गाडी चालवणारी बाई तुम्हाला दिसली असेल तर ती मीच. घामानं साडी पाठीला चिकटलेली, डोळे काट्यावर, ओठ कोरडे. शेजारून जाणारे मोटारसायकलवाले वळून बघायचे. मला त्या काट्याचा इतका धसका बसला की शाळेत भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बाराकडे चालला तरी हात हीटरचं बटण शोधायला जायचा.

एकदा नगरमध्येच, शाळेजवळच्या एका गॅरेजमध्ये हवा भरायला थांबले असताना तिथल्या माणसाला सहज विचारलं. त्यानं हात पुसत पुसत वाकून बघितलं, मिनिटसुद्धा लागलं नाही. "मॅडम, थर्मोस्टॅट गेलाय."

"नाही. तो चांगला आहे. बघितलाय."

"कोणी बघितलाय?"

"माझ्या वडिलांनी."

तो हसला. वाईट नव्हता हसला, आपण लहान मुलाचं ऐकून हसतो तसा हसला. माझं डोकं सणकलं. मी त्याला म्हणाले, तुम्ही जन्माला यायच्या आधीपासून माझे वडील इंजिनं ओळखतायत. आणि हवासुद्धा न भरता गाडी काढली. आठवलं की आजही लाज वाटते. आठवीच्या पोरांना मी सांगत असते, कोणी मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः करून बघा. आणि त्या दोन पाइपांना स्वतःचा हात लावून बघावा, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. नाना असताना दुसऱ्या कोणी हात लावायचा, हे आमच्याकडे बसत नव्हतं. देवघरातल्या मूर्ती आजीनेच पुसायच्या, तसं ते होतं.

मग नानांनी शेवटचं निदान केलं. हेड गॅस्केट. म्हणजे इंजिन उघडायचं, वरचं डोकंच उतरवायचं. मेस्त्रीचा चेहरा उतरला. "आनतो नाना गॅस्केट," म्हणाला, आणि गेला तो गेलाच. पहिल्या रविवारी म्हणे नगरला मिळालं नाही. दुसऱ्या रविवारी म्हणे पुण्याहून मागवलंय. तिसऱ्या रविवारी फोनच लागेना. नाना चिडले. "ह्यो पयल्यापासनंच ढिला हाय," म्हणाले. मीही मेस्त्रीच्या नावानं बोटं मोडली. माणसं मोठी झाली की गुरूला विसरतात, वगैरे वगैरे, चांगलं पाच मिनिटांचं भाषण मी आईपुढे केलं. आई तांदूळ निवडत होती.

त्या तिसऱ्या रविवारची गोष्ट. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. मला दुपारीच नगरला परतायचं होतं, म्हणून नाना म्हणाले, गाडी चालू कर, परत एकदा बघू. मी गाडी लिंबाखाली चालू ठेवली. काटा चढेपर्यंत थांबलो. काटा चढला. नाना चष्मा विसरले म्हणून आत गेले, आणि मी एकटी उघड्या बॉनेटपाशी उभी राहिले.

का कोण जाणे, मी हात लावला. वरच्या पाइपला बोट टेकवलं आणि झटक्यात मागे घेतलं, तोंडातून 'आई गं' निघालं. मग खालच्या पाइपला भीत भीत हात लावला. तो गार होता. माठाच्या बुडासारखा गार. मी पूर्ण मुठीत धरून बघितला. पुन्हा वरचा, पुन्हा खालचा. आठवीच्या पुस्तकातली आकृती माझ्यासमोर चालू अवस्थेत उभी होती आणि दोन महिने मी तिच्यावर बसून हीटर लावून फिरत होते.

नाना आले. मी आनंदानं म्हणाले, आनंदानं, हेच मला आता बोचतं, "नाना, सापडलं! खालचा पाइप गार आहे. वॉलच गेलीय."

नानांनी दोन्ही हात ठेवले. डोळे मिटले. उघडले. "सारखेच हायेत."

"नाही हो नाना. वरचा किती भाजतोय! हात लावून बघा ना नीट."

मी 'नीट' म्हणायला नको होतं. नानांचा चेहरा ताठ झाला. "मला सांगती? चाळीस वर्सं म्या हेच केलंय. कुटं भाजतोय? हे बघ." आणि त्यांनी वरचा पाइप उजव्या हाताच्या पंजात गच्च धरला, अगदी काठी धरावी तसा, आणि धरूनच ठेवला. माझ्याकडे बघत होते. मठ्ठ पोराला गणित समजेपर्यंत मास्तर थांबतो, तसे थांबले होते. "हे बघ. कोमट हाय. कळलं का? कोमट."

मी वाट बघत राहिले की ते आता हात काढतील. आता काढतील. त्यांच्या तोंडावर वेदनेची रेघसुद्धा नव्हती. मला कळायला किती वेळ लागला ते सांगता येत नाही; तो वेळ कितीही थोडा असला तरी जास्तच होता. मी किंचाळून त्यांचं मनगट धरलं आणि हात ओढून काढला. पंजा लालभडक झाला होता. बोटांच्या मुळाशी कातडी सुटून पांढरी पडायला लागली होती.

"काय झालं?" नाना म्हणाले. "हात का वढलास?"

मग त्यांनी माझ्या नजरेमागे आपली नजर नेली आणि स्वतःच्या पंजाकडे बघितलं. उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. दुसऱ्याची वस्तू चुकून आपल्याकडे आली की माणूस जशी बघतो, तसा. मी मोठ्यानं रडायला लागले, पन्नाशीची बाई, अंगणात.

आई कळशी घेऊन आली. घाई नाही, आरडाओरडा नाही. नानांचा हात तिनं बराच वेळ पाण्यात धरला, मग कोरफड कापून लावली, जुन्या धोतराचा मऊ तुकडा गुंडाळला. सगळं इतकं सरावानं की मला कसंतरीच झालं. नाना खाटेवर बसल्यावर मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"व्हय."

"कधीपासून?"

"वरीस झालं असंल. जास्तच. ह्येच तव्यावरची भाकर उलटायला गेलते, बोट भाजलं, त्यास्नी कळलंच न्हाई. तवापासनं चहा मी निववून देते. आंघोळीचं पानी माझ्या हातानं बघते." ती चूल पुसत होती, गॅसची शेगडी, पण ती तिला चूलच म्हणते. "डाक्टर म्हनले, शुगरनं हातापायाच्या शिरा मेल्यात. पायाचं कळत हुतं त्यांना, हाताचं न्हाई कळलं. त्या शिरा काय परत येत न्हाईत म्हनं."

"आणि तू नानांना सांगितलं नाहीस?"

"डाक्टरलाबी म्याच म्हनलं, नका सांगू."

"आई, लोक गाड्या घेऊन येतात! ते काहीही सांगत असतील लोकांना!"

"लोक कुटं येत्यात आता," आई म्हणाली. "गेल्या दिवाळीपासनं तुझ्या गाडीबिगर एकतरी गाडी आली का हितं?"

मी आठवायला लागले. खरंच आली नव्हती. लिंबाखाली दर रविवारी फक्त माझीच गाडी होती. लोकांना कळलं होतं. दोन-चार वेळा निदान चुकलं असेल आणि लोकांनी गुपचूप वाट बदलली असेल, नानांना कोणी काही न बोलता. माझ्याच काही लक्षात आलं नव्हतं. मला आईचा राग आला, लोकांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला, पण त्या रागाचं करायचं काय हे कळेना.

मी मेस्त्रीला फोन लावला. या वेळी लागला. नानांचा हात भाजलाय एवढंच सांगितलं, तर अर्ध्या तासात हजर. नानांनी त्याला एकच सांगितलं, "वॉल काढ." त्यानं मुकाट्यानं काढली. पितळेची ती झडप त्यानं माझ्या हातावर ठेवली तेव्हा तिच्यावर पांढरं कवच चढलेलं होतं. कडेला बारीक अक्षरांत ८२ कोरलेलं. म्हणजे ब्याऐंशी अंशाला ती उघडायला हवी.

"पान्यात टाकून बघू," नाना म्हणाले.

याची काही गरज नव्हती. सगळ्यांना सगळं कळलेलं होतं. पण नाही कोण म्हणणार? आईनं चहाचं पातेलं द्यायला साफ नकार दिला आणि एक जुनं पोचे आलेलं दिलं. त्यात पाणी घेतलं, झडप दोऱ्याला बांधून आत सोडली, बुडाला टेकणार नाही अशी. नाना खुर्ची ओढून शेगडीशेजारी बसले, पट्टी बांधलेला हात मांडीवर. पाण्याला आधी बारीक बुडबुडे आले, मग मोठे, मग खळखळून उकळी फुटली. थर्मामीटरची गरजच नव्हती. पाणी उकळलं म्हणजे ब्याऐंशी कधीच ओलांडले. झडप बंद होती.

"अजून उकळू दे," नाना म्हणाले.

आम्ही उकळू दिलं. स्वयंपाकघरात वाफ झाली. मेस्त्री दारात उभा, मी ओट्याला टेकून, आई पदरानं मान पुसतेय. पाणी निम्मं आटलं, तसं आईनं तांब्यानं आणखी ओतलं.

"अजून."

पुन्हा उकळी आली. नाना इतके पुढे वाकले होते की वाफ त्यांच्या चष्म्यावर बसत होती आणि ते डाव्या हातानं ती पुसत होते. मला वाटत होतं, उघड बाई, एकदा उघड, निदान नखाएवढी उघड. एका जड धातूच्या तुकड्याला मी नवस बोलत होते. ती उघडली असती तर काय झालं असतं? काहीच नाही. नानांचा हात काही परत आला नसता.

"न्हाई उघडत," शेवटी नाना म्हणाले आणि त्यांनीच गॅस बंद केला.

मेस्त्री घाईघाईनं बोलायला लागला. "नाना, क्षार बसलाय तिच्यावर. कवा उघडत असंल, कवा न्हाई. तुमी हात लावला तवा उघडी असंल..."

"तुझ्या हाताला काय लागलं हुतं?"

मेस्त्री पुढे येऊन दोऱ्यानं झडप वर काढायला लागला.

"तूबी हात लावला हुतास. म्या बघितलं. तुला काय लागलं?"

"खालचा गार लागला हुता, नाना."

"कवा?"

"पयल्याच टायमाला."

"मंग बोलला का न्हाईस?"

मेस्त्रीनं पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. "तुमचा हात हुता ना, नाना," म्हणाला. "मला वाटलं, माझाच चुकत असंल." मग जरा वेळानं, "हेड मातुर मला खोलवंना. म्हून तीन रविवार आलो न्हाई."

मेस्त्रीनं श्रीगोंद्याहून नवी वॉल आणली, बसवली, बोअरचं पाणी काढून लाल कूलंट भरलं. मी चिखलीच्या घाटापर्यंत जाऊन आले. काटा मधोमध, जागचा हलला नाही. दोन महिन्यांनी हीटर बंद करून गाडी चालवली आणि त्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही. मेस्त्री निघताना पाया पडायला वाकला, तर नानांनी पट्टीचा हात मागे घेतला आणि डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

दुपारी जेवणं झाली. माझं नगरला जाणं मी दुसऱ्या दिवशीवर ढकललं होतं. नाना पडवीत खाटेवर बसले होते. आई आणि मी खाली शेंगा फोडत बसलो होतो. नाना आईला म्हणाले, "कांदा लावत हुतो तवा तुला ताप आल्ता."

आईचा हात थांबला.

ती गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आईला बरं वाटत नव्हतं. नाना रोज सकाळी तिच्या कपाळाला हात लावायचे आणि म्हणायचे, अंग गार हाय, नुसता थकवा हाय. तीन दिवस ती बायांबरोबर वाफ्यात बसून रोपं लावत राहिली. शनिवारी मी आले, तिच्या कपाळाला हात लावला आणि तसाच मागे घेतला. त्याच संध्याकाळी तिला नगरला दवाखान्यात नेलं. न्यूमोनिया. आठ दिवस सलाईन. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, इतका उशीर का केला? तेव्हा मी म्हणाले होते, घरी लक्षात आलं नाही.

"मी हात लावला तवा ताप हुता का तुला?" नानांनी विचारलं.

"न्हाई," आई म्हणाली. "तवा न्हवता. शनवारी चढला."

नाना माझ्याकडे वळले. "तू सांग. तू आल्ती तवा अंग कसं हुतं तिचं?"

मी विज्ञान शिकवते. त्या दिवशी थर्मामीटरवर किती होतं तो आकडा मला आजही पाठ आहे. मी आईकडे बघितलं. तिनं मान वर केली नाही, शेंग फोडत राहिली.

"कोमट होतं, नाना," मी म्हणाले. "थोडंसंच."

नानांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुमीबी मेस्त्रीवानी बोलाया लागल्या व्हय," ते म्हणाले, आणि हात उशाखाली घालून भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.